डायरेक्ट

चौथ्या मिनिटाला बंद पडतो.
पहाटे साडेपाचला, कानटोपी घालून,
बाथरूमच्या दाराबाहेर घड्याळ घेऊन बसलो
तेव्हा हे पक्कं कळलं.
आधी टिकटिकटिक, मग भप्प,
निळी ज्योत, नळाला वाफ,
आणि अंगाला साबण लागतो न लागतो
तोच खट्.
आतून राजम्मा : "परत बंद पडलं ओ!"
जसं काही मीच आत बसून फुंकर मारतोय.

सोमवारी सेल बदलले. दोन, जाडे.
मंगळवारी सिलिंडर हलवून पाहिला, जड होता,
तरी बदलला.
आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी,
टाकी तळाला गेली की दाब मरतो,
म्हणून पाण्याची वाट पाहिली.
पाणी आलं. टाकी वाहिली.
खालच्या कोडमबाईंची वाळत घातलेली शाबुदाण्याची पापडं भिजली,
त्यांनी तेलुगूत जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.
खट्.

मग जाळी काढली.
बोअरचं पाणी आमचं, म्हणजे पातळ केलेला चुनाच.
पानाला लावता येईल इतकी पांढरी खपली.
लिंबू चोळलं, टाचणीनं एकेक भोक मोकळं केलं.
एकतीस वर्षं मागाच्या फण्या साफ केलेला जॉबर मी,
मला बारीक भोकांचा कंटाळा नाही.
सगळे स्क्रू जागच्या जागी बसले, एकही उरला नाही
(याची घरात कुणी दखल घेतली नाही).
खट्.

"तांब्याचा बंब मोडीत घातलात," राजम्मा म्हणाली,
"त्याचे शाप आहेत हे."

गुरुवारी मुजावरांचा अशपाक आला.
कव्हर उघडलं, एका बारीक वायरीवर टेस्टर टेकवला.
"चाचा, हा सेन्सर. ह्याचंच नाटक सगळं.
दोन वायरी जोडतो, डायरेक्ट.
मग कधीच बंद पडणार नाही. दोनशे द्या."

कधीच बंद पडणार नाही.

अक्कलकोट रोडचं शेड, दिवाळीची ऑर्डर,
सोळा नंबरचा माग दर दोन वितीला थांबायचा.
माझ्या हाताखालच्या अंबादासनं
बाण्याच्या काट्याला सुतळी बांधली.
माग रात्रभर धडाडला.
त्याला शाबासकी मी दिली. चहाही मीच पाजला.
सकाळी चादरी उलगडल्या :
मोराला मान होती, पिसारा होता,
मधे नुसता ताणा, बोटं आरपार जातील असा.
अकरा चादरी.
मुकादम ओरडला नाही. म्हणाला,
"थांबला तर बघायचं असतं बे. बांधायचं नसतं."

"अशपाक, थांब."
"का चाचा?"
"काय की."
आत गेलो. मान वर केली.
झरोका होता तिथे टॉवेल,
सेकंडचा, निळ्या काठाचा,
विडीचं तोंड मुडपावं तसा चारी बाजूंनी मुडपून
ठासलेला.
ते काम कुणाच्या बोटांचं हे विचारावं लागलं नाही.
दत्तजयंतीपासून थंडी वाढली होती.

दार लावलेलं, झरोका बुजलेला,
आत ज्योत आणि माझी बायको,
आणि दोघांना मिळून चार मिनिटांची हवा.
रोज सकाळी तो तिच्या आधी विझत होता.
आणि मी त्याला
रोज सकाळी नव्याने पेटवत होतो.

स्टुलावर चढून टॉवेल उपसला.
धूळ पडली, पालीचं एक रिकामं अंडं पडलं.
अशपाक वर बघत राहिला. मग स्क्रू पिळता पिळता म्हणाला,
रविवारी येतो, हे बाहेर गॅलरीत बसवू,
आज चहा पाजा, पैसे नको.

शुक्रवार. साडेपाच.
टिकटिकटिक, भप्प.
चार झाली. पाच. सात.
माझं बोट अजून घड्याळावर.
आतून ती ओरडते, "वारं येऊलालंय की ओ!"

येऊ दे.